फुलांचं पाकीट

चहात साखर घालताना कौशल्या कामठे मोठ्यानं मोजते. एक. दोन. मग चमचा बरणीत ठेवते, झाकण लावते आणि कप उचलते. ऐकायला बहुतेक वेळा सासूच असते. तुळजाबाईंची नजर गेली आहे, कान शाबूत आहेत. त्या पलंगावरून म्हणतात, "साळंत नाव घातलंय जनू आमच्या सुनंचं." कौशल्या कप त्यांच्या हातात ठेवते. मुलगा, सूरज, सुरुवातीला हसायचा. आता त्याला ते ऐकूच येत नाही, पंख्याचा आवाज ऐकू येत नाही तसं.

हे मोजणं सुरू होऊन चार वर्षं उलटली. त्याआधी ती साखर हाताच्या अंदाजानं घाली.

रोज सकाळी तिनं फुरसुंगीहून हडपसरच्या गाडीतळावर यायचं, तिथं बस बदलायची आणि साडेदहाच्या आत कॉलेजात हजर व्हायचं. दगडी इमारत, मागच्या बाजूला वनस्पतिशास्त्राचा विभाग, आणि त्यातली तळमजल्यावरची लांबट खोली. खोलीत छत्तीस लोखंडी कपाटं आहेत आणि कपाटांत वाळवलेली झाडं. प्रत्येक झाड एका जाड पांढऱ्या कागदावर शिवलेलं. उजवीकडे खाली लेबल: झाड कुठं मिळालं, कोणत्या तारखेला, कुणी आणलं, फुलं कोणत्या रंगाची होती. अशी एकोणीस हजार शीटं. खोलीला हर्बेरियम म्हणतात. आत डांबराच्या गोळ्यांचा वास असतो आणि तो कपड्यांत बसतो. संध्याकाळच्या बसमध्ये शेजारची बाई कधीकधी पदर नाकाला लावून खिडकीकडे वळते. कौशल्या सरकून बसते.

तिचं काम झाडं शिवायचं. वाळलेली फांदी कागदावर ठेवायची, खोड दोऱ्यानं चार ठिकाणी टाचायचं, पानांखाली डिंक लावायचा. वाळताना फुलं, बिया, तुकडे गळतात. ते टाकायचे नाहीत. कागदाची घडी घालून छोटं पाकीट करायचं, त्यात ते भरायचे आणि पाकीट त्याच शीटच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवायचं. कारण पुढे कधी कुणाला त्या झाडाचं नाव ठरवायचं असलं, तर पाकिटातलं एखादं फूल पुरतं. आणि फूल नसलं तर कधीकधी अख्खी फांदी असून भागत नाही.

ही नोकरी आधी तिच्या नवऱ्याची होती. ज्ञानदेव सव्वीस वर्षं इथं परिचर होता. मुलांच्या सहलींबरोबर डोंगर चढायचा, पाठीवर झाडं दाबायच्या लाकडी फळ्या आणि रद्दीचे कागद. शिक्षण दहावी नापास, पण झाड हातात आलं की पान चुरडून हुंगायचा, खोड वळवून बघायचा, देठ मोडून चीक येतो का पाहायचा, आणि मग पानाचा कपचा जिभेवर ठेवून, चावून, थुंकून टाकायचा. ही सवय त्याला गोपाळकृष्ण सरांनी लावली होती. सर विभागप्रमुख होते, तोंडानं तिखट. ज्ञानदेवबद्दल ते म्हणत की विभागात दोनच जण झाडं ओळखतात आणि दुसऱ्याला पगार कमी आहे. कौशल्याला ती सवय किळसवाणी वाटे. कुणी काय फवारलंय, कुत्रं पाय वर करून गेलंय, काय ठाऊक. तो म्हणायचा, अजून मेलो नाही.

मेला तो एका सोमवारी, सप्टेंबरात. दुपारी तीनच्या सुमारास, याच खोलीत, याच टेबलाशी. स्टुलावर बसला आणि मान टेबलावर टेकवली. आधी सगळ्यांना वाटलं डुलकी लागली.

त्या सकाळी घरात एवढंच झालं होतं. तो पहाटे कालव्याकडे फिरायला गेला आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी वेल घेऊन आला. कौशल्यानं चहा दिला. त्यानं एक घोट घेतला आणि विचारलं, "साखर घातलीस का?"

ती म्हणाली, "दोन चमचे."

"मग गेली कुठं?"

"तुमच्या तोंडातच काहीतरी झालंय. मी रोज घालते तेवढीच घातली."

त्यानं कप खाली ठेवला. बस चुकेल म्हणाला आणि निघाला. ती चिडली होती. कपातला चहा तिनं मोरीत ओतला. चाखून बघितला नाही.

नंतर तिला आठवेना. साखर घातली होती की नाही? हात बरणीकडे गेलेला आठवे, चमचा आठवे, पण तो त्या दिवशीचा हात की आदल्या दिवशीचा, कळेना. रोज केलेल्या गोष्टी एकमेकींवर चिकटून बसतात. दहाव्याला, तेराव्याला, बायका गळ्यात पडून रडत होत्या तेव्हा तिच्या डोक्यात तेवढंच चाललं होतं. तिला रडू आलं नाही. लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं चहा टाकला आणि साखर घालताना मोजलं, मोठ्यानं, आपल्याच कानांना साक्षी ठेवून.

अनुकंपा तत्त्वावरची नोकरी मिळायला सव्वा वर्ष गेलं. सूरज इंजिनीअरिंगच्या मधल्या वर्षाला होता. त्यानं शिक्षण सोडू नये म्हणून अर्जावर तिचं नाव गेलं. पहिल्या दिवशी गोपाळकृष्ण सरांनी तिला खोली दाखवली. सांगितलं की झाडं विषाच्या पाण्यातून काढलेली असतात, म्हणून बोट तोंडात घालायचं नाही आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मग कपाटावरून एक बांधलेला गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला.

"तुमच्या मिस्टरांचं काम राहिलंय," ते म्हणाले. "तेवढं उरका. रडायचं असेल तर बाहेर व्हरांडा आहे. कागदावर नको, शाई फुटते."

गठ्ठ्यात सात झाडं होती. सहा विद्यार्थ्यांच्या सहलीतली. सातवी ती वेल, सोमवारच्या वर्तमानपत्रात. सोबत ज्ञानदेवच्या अक्षरातली चिठ्ठी: कालव्याकडेचे कुंपण, फुरसुंगी. वेल. फुले बारीक, पिवळट, पुष्कळ. नाव नाही. आणि खाली, आणणाऱ्याचं नाव, ज्ञा. मा. कामठे.

आणणाऱ्याच्या जागी नेहमी प्राध्यापकांची नावं असतात. फळ्या वाहणाऱ्याचं नसतं. ही वेल त्यानं एकट्यानं आणली होती म्हणून तिथं त्याचं नाव आलं. एकोणीस हजारांत एक.

तिनं तीन दिवसांत सातही झाडं शिवली. टाके बरे आले. सर म्हणाले, "गोधडी शिवता वाटतं." त्यांच्या तोंडी हे कौतुक असतं हे तिला पुढे कळलं. सहा शीटं आपापल्या कपाटांत गेली. वेलीचं नाव ठरलं नाही. सर तेव्हा निवृत्तीच्या फायलींत होते. वरवर बघून म्हणाले, पानं नेहमीपेक्षा मोठी आहेत, सावलीतली असणार, पाकिटातली फुलं भिजवून कधीतरी बघू. मग ते निवृत्त झाले. शीट छत्तिसाव्या कपाटाच्या तळाला गेलं. तिथं 'अनिश्चित' लिहिलेली तपकिरी फोल्डरं असतात.

तरी त्या चार-पाच महिन्यांत सरांनी तिला पुष्कळ सांगितलं. कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून असेल. ते म्हणत, दिसण्यावर जाऊ नका. काटेरी निवडुंग आणि कुंपणाचा शेर दोन्ही बोडके, मांसल, लोक दोघांनाही निवडुंगच म्हणतात. पण शेर मोडला की दुधासारखा चीक येतो, निवडुंगाला येत नाही. फुलं तर अगदीच वेगळी. पाणी नसलेल्या जागी राहून दोघं एकसारखे झाले, एवढंच. नातं नाही. उलट ज्यांचा तोंडवळाही जुळत नाही त्यांच्यात नातं निघतं. आपण शोधायचं ते पूर्वजाकडून आलेलं, गरजेपोटी उचललेलं नव्हे. म्हणून पानांवर फार विसंबायचं नाही. ऊन-सावलीप्रमाणे ती बदलतात. फुलाच्या पाकळ्या किती, पुंकेसर कसे, बी कुठं बसतं, हे सहसा बदलत नाही. तिनं ते ऐकलं. बोटांना ते हळूहळू पटलं. आता मुसळीसारखं काही हातात आलं की पानाच्या सरळ शिरा आधी लागतात, आणि तिथं पाकळ्या तीनच्या पटीत असणार हे फुलाआधी कळतं.

मध्यंतरी कपाटांची नवी मांडणी झाली. जनुकं तपासून कुळं नव्यानं ठरली आहेत असं सांगण्यात आलं. सागाची शीटं तिनं उचलून तुळशीच्या कपाटात नेली. घरी सांगितलं तेव्हा तुळजाबाईंनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी आता सागाला बी पानी घालायचं, सकाळचं?"

दर महिन्याला डांबराच्या गोळ्या बदलताना ती छत्तिसाव्या कपाटापाशी गुडघ्यावर बसे. फोल्डर उघडे, ते अक्षर बघे, बंद करी. काही वाटत नसे. वाटावं म्हणून ती जरा थांबेही.

यंदाच्या डिसेंबरात पूर्णिमा मॅडमनी तिला यादी दिली. मॅडम आताच्या विभागप्रमुख. कामाला वाघ, बोलायला वेळ नाही. सगळ्या शीटांचे फोटो काढून संगणकावर चढवायचे होते. कपाटं भरली होती. त्याआधी निरुपयोगी शीटं काढून टाकायची: ज्यांना फूल नाही, फळ नाही आणि नावही नाही. 'अनिश्चित' फोल्डरांतून अशी दोनशे बारा निघाली. ती बाजूला काढून गठ्ठे बांधायचे. शनिवारी गाडी येणार होती. विषारी कचरा म्हणून वेगळा जाणार होता.

यादीत एकशे साठाव्या ओळीला ते शीट होतं.

मॅडमनी सोमवारी प्रत्येक शीट भिंगाखाली घेऊन स्वतः तपासलं होतं. वेलीच्या शीटवर, लेबलच्या कडेला, त्यांनी पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: पाकिटात भलतेच. लेबल विश्वासार्ह नाही.

कौशल्यानं ते दोनदा वाचलं. मग मॅडमच्या दाराशी जाऊन उभी राहिली. विचारलं, एक शीट ठेवता येईल का. मॅडमनी नंबर विचारला, यादी बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते नाव ओळखल्याची खूण उमटली. त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं. म्हणाल्या की लेबलवर पिवळी फुलं लिहिली आहेत, पाकिटात दुसऱ्याच झाडाचे तुकडे निघाले. ज्ञानदेव चांगला माणूस होता, पण शेवटी तब्येत बरी नसेल, घाई झाली असेल. अशी नोंद पुढच्या माणसाला फसवते.

"कौशल्याताई, नाव मिळालं तर ठेवते," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत. फोटो काढून हवं तर तुम्हाला देते."

फोटो नको, असं कौशल्या म्हणाली.

मंगळवारी, बुधवारी ती गठ्ठे बांधत राहिली. ते शीट शेवटी बांधू म्हणून टेबलावर ठेवलं. आमचे हे कधी घाईत काम करत नसत, तिला वाटे. तब्येत बरी नव्हती असंही नव्हतं. तोंडाला चव नव्हती, म्हणजे नव्हती असं ते म्हणाले, म्हणजे साखर नव्हती. इथवर आलं की विचार रोजच्या ठिकाणी अडे आणि ती पुढचा गठ्ठा घेई.

ते पाकीट तिनं स्वतः बंद केलं होतं आणि त्यानंतर कधीही उघडलं नव्हतं. त्यात पिवळी फुलं आहेत हे तिला माहीत होतं, घरात तिजोरी आहे हे माहीत असावं तसं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं ते उघडलं.

आत हिरवट-तपकिरी, घडी घातलेले छोटे द्रोण होते. नखाएवढे. एकातून निळ्याचा वाळलेला कण डोकावत होता. भिंगाची गरज नव्हती. लहानपणी पावसाळ्यात बांधावरून तिनं ओटी भरभरून ही भाजी खुडली होती. केना. केन्याचं फूल त्याच्या द्रोणातूनच वर येतं, तीन पाकळ्यांचं, दोन मोठ्या आणि एक चिमुकली.

विद्यार्थ्यांच्या सहलीतल्या सहा झाडांत एक केना होता. तिनंच शिवला होता.

मग तिला तो आठवडा दिसला. आठवला नाही, दिसला. टेबल, डिंकाची वाटी, खिडकीतून येणारं ऊन. आता ती एक शीट पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. फांदी, टाके, डिंक, पाकीट, मगच पुढचं. हा इथला पहिला नियम, पण तो तिला कुणी तोवर सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल आणि तिच्या कानांपर्यंत आला नसेल. त्या वेळी तिनं घरच्यासारखं केलं होतं. पोळ्या करताना आधी सगळे उंडे करून घेतात, तशी आधी साती पाकिटं भरून घेतली, ओळीनं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन एकेक उचलून चिकटवली. पाकिटांवर काही लिहिलेलं नव्हतं. सगळी पांढरी.

नोंदवहीत वेलीच्या आधीचा नंबर केन्याचाच निघाला. केन्याची शीटं एकतिसाव्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात. तिनं नंबर जुळवला. तिचेच टाके. कोपऱ्यातलं पाकीट उघडलं.

फुलं पिवळट होती. मोहरीहून जरा मोठी, पुष्कळ, गुच्छांत, काही सुटी. तिनं एक सुईच्या टोकानं कागदावर घेतलं आणि भिंग धरलं. टोकाशी पाच कंगोरे. पुन्हा मोजले. पाच. केन्याच्या घरात पाच पाकळ्यांचं फूल जन्मत नाही.

जेवणाची सुट्टी संपली. दोन्ही पाकिटं समोर होती आणि खोलीत कुणी नव्हतं. डिंक होता. अदलाबदल करायला पाच मिनिटं लागली असती. कुणाला कळलं नसतं. पण मग ती पेन्सिलीची ओळ राहिली असती. किंवा मॅडमनी ती खोडली असती, आणि ज्ञानदेवची घाई तशीच त्यांच्या मनात राहिली असती.

ती ऋतुजाकडे गेली. ऋतुजा विभागात पीएच.डी. करते, सातारा रोडला मैत्रिणींबरोबर राहते, कानात सतत वायर. कौशल्यानं तिच्यापुढे दोन्ही शीटं ठेवली आणि काय झालं ते सांगितलं, एका वाक्यात. ऋतुजानं वायर काढली.

"काकू, म्हणजे स्वॅप झालंय? सीरियसली? आणि कोणी चेकच नाही केलं?"

"मीच केलं नाही," कौशल्या म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ऋतुजानं एक फूल काचेच्या वाटीत गरम पाण्यात टाकलं. वाळलेलं फूल तसं भिजवलं की पुन्हा मऊ होतं, उघडतं. कौशल्या शेजारी उभी राहिली. ऋतुजा सूक्ष्मदर्शकातून बघत बघत टिपून घेत होती, मग पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं देत पुढे जात होती. पानं समोरासमोर की एकाआड एक, समोरासमोर. पाकळ्या जुळलेल्या की सुट्या, जुळलेल्या. दर प्रश्नाला झाडांचा एक मोठा जमाव मागे राहत होता. मग तिनं सुईनं फुलाचा गाभा सोडवला आणि कौशल्याला बघायला सांगितलं. परागकण सुटे नव्हते, पुडीसारखे दोन-दोन गोळे जोडून होते. तसे रुईला असतात, एवढं कौशल्यालाही ठाऊक होतं. रुईचं कूळ. कण्हेर त्यातलीच. आता जमाव फार उरला नव्हता. ऋतुजानं पान उलटून लव बघितली, फुलांचा गुच्छ देठाशी कसा बसलाय ते बघितलं, शेवटचे दोन प्रश्न तोंडातल्या तोंडात वाचले आणि खुर्ची मागे सरकवली.

"गुडमार," ती म्हणाली. "जिम्नेमा. पानं जरा मोठी आहेत म्हणून कन्फ्यूज झालं सगळ्यांना. एकदम कॉमन आहे काकू. आपल्याकडे चौदा शीट आहेत."

कौशल्यानं मान हलवली. चौदा. काही दुर्मीळ निघेल अशी तिची आशा होती का? तिनं स्वतःलाच विचारून बघितलं. नव्हती बहुधा. पण 'अनिश्चित'मध्ये त्याच्यासारखं दुसरं नव्हतं.

"म्हणजे राहील?" तिनं विचारलं.

"राहणारच की. फूल आहे, नाव आहे." ऋतुजा वाटीतलं पाणी ओतत होती. बोलायला काहीतरी म्हणून ती पुढे सांगू लागली. सेकंड इयरला असताना या पाल्यावरून फार मजा करायचे वर्गातले. नवीन मुलांना पान चावायला द्यायचं आणि वर पेढा खायला घालायचा. पेढा माती लागतो. या पाल्यानं जिभेला गोड कळेनासं होतं, बाकी सगळं कळतं, नुसतं गोड जातं. डायबेटिसवाले घेतात ना, तेच हे.

कौशल्या शीट उचलत होती. तिनं ते परत खाली ठेवलं.

"चहा?"

"काय?"

"पान चावून चहा घेतला तर."

"चहा तर डेंजर. साखर किती पण घाला, नुसतं कडू पाणी." ऋतुजा हसली. "तुम्ही खाल्लंय का कधी?"

"किती वेळ राहतं?"

"अर्धा तास. पाऊण. काहींना तासभर. का?"

कालव्यापासून घर वीस मिनिटांवर आहे. पाय धुवायचे, कपडे बदलायचे. चहा तयारच होता.

काही नाही, असं ती म्हणाली, आणि शीट घेऊन आपल्या टेबलाशी आली. ज्या टेबलावर त्यानं मान टेकवली होती ते हेच. त्यानं त्या पहाटे पान तोडलं, हुंगलं, मोडून चीक बघितला, कपचा जिभेवर ठेवून चावला, थुंकला. नाव ठरेना म्हणून पुन्हा चावला असेल. त्याला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. साखर होती. दोन चमचे. आणि त्याला ती लागली नाही हेही खरं होतं. दोघंही बरोबर बोलत होते आणि तेवढ्यावर त्यांचं बोलणं संपलं.

तिला वाटलं आता काहीतरी होईल; छातीत, डोळ्यांत. तिनं वाट बघितली. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मग झाली.

दुपारी ती मॅडमकडे गेली. ऋतुजानं आधीच सांगितलं होतं. मॅडमनी खोडरबर काढून लेबलच्या कडेची ओळ पुसली, फुंकर मारली आणि नव्या नावाची चिठ्ठी सही करून दिली. झालं, म्हणाल्या, पाकिटं बदलून टाका. कौशल्या उभीच राहिली. म्हणाली, पाकीट हलवल्याचीही चिठ्ठी लावायची असते, सरांनी सांगितलं होतं.

"असते," मॅडम म्हणाल्या. "पण तुमची चूक शीटवर कायमची कशाला लिहायची? शंभर वर्षं राहतात या चिठ्ठ्या. लोक नाव वाचतात."

"वाचू देत," कौशल्या म्हणाली. "चूक माझी होती. ह्यांनी लिहिलं होतं ते बरोबर होतं."

मॅडमनी खण उघडला. मग कोरी चिठ्ठी पुढे सरकवली.

तिनं ती सावकाश लिहिली, काळ्या शाईनं, कारण दुसरी उडते. झाड शिवताना फुलांचे पाकीट चुकून केन्याच्या शीटवर लागले होते. आज मूळ जागी आणले. खाली तारीख आणि कौ. ज्ञा. कामठे. पुसलेल्या ओळीच्या जागी कागद अजून थोडा खरखरीत होता. त्याच्यावरच तिनं चिठ्ठी चिकटवली. वर ज्ञानदेवचं नाव, खाली तिचं, मध्ये दोन बोटांचं अंतर. केन्याच्या शीटवरही तशीच चिठ्ठी लावली आणि द्रोण त्यांच्या घरी पोचवले.

गुडमारचं फोल्डर बाविसाव्या कपाटात होतं. चौदा शीटं ठिकाणाप्रमाणे लावलेली. कात्रज, खेड शिवापूर, पानशेत, सगळी त्याच पानाची, त्याच फुलांची, लहानमोठी. पानशेत आणि भोरच्या मध्ये तिनं फुरसुंगी सरकवलं. फोल्डर बंद केल्यावर कोणतं कोणाचं ते बाहेरून कळत नव्हतं. तिनं कपाट लावलं.

शनिवारी गाडी आली. दोनशे अकरा शीटं गेली. गठ्ठे तिनंच उचलून दिले. त्यांतल्या प्रत्येकावर कुणाचं तरी नाव होतं, तिनं बांधताना वाचलं होतं. पाकिटं उघडून बघितली नव्हती.

रविवारी सुट्टी. सकाळी तिनं चहा टाकला, आलं किसलं, दूध घातलं. कप नेऊन सासूच्या हातात दिला, स्वतःचा घेऊन उंबऱ्यावर बसली. तुळजाबाईंनी घोट घेतला नाही. कान तिच्याकडे केला.

"आज मोजली न्हाईस," त्या म्हणाल्या.

कौशल्यानं बरणीकडे बघितलं. झाकण लावलेलं होतं.

"घातलीय," ती म्हणाली.